झोन चार

१

रविवारी चर्चला निघायचं म्हणजे आमच्याकडे अर्ध्या तासाचं काम. आधी मागचं दार, मग त्याच्या बाहेरचं जाळीचं दार, मग खिडक्या, मग गॅस, आणि सगळ्यात शेवटी हेस्टर. तिला आधी तयार करून बसवलं तर मी खिडक्या लावेपर्यंत ती बूट काढून कुठेतरी ठेवून देते. तिला गाडीत बसवायचं, पट्टा लावायचा, परत येऊन दाराजवळच्या पॅनलवर चार आकडे दाबायचे आणि तीस सेकंदांत बाहेर पडून कुलूप लावायचं. आमच्या बेनोनी शहरात सगळेच असं करतात. भिंतीवर विजेची तार नाही आणि फाटकावर अलार्म कंपनीची पाटी नाही असं एक घर आमच्या गल्लीत दाखवा, मी मिशा उतरवून देईन.

आमचा अलार्म माझ्या हातचा. मी लौरेन्स फरमाक, एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. अलार्म बसवायला आलेल्या माणसाला मी शिडीलासुद्धा हात लावू दिला नव्हता. आठ सेन्सर, आठ तारा, प्रत्येक तारेचा एक झोन. कुठली तार कुठून निघते आणि कुठे पोचते हे मी डोळे मिटून सांगेन. झोन चार म्हणजे पॅसेज. झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत जातो, मध्ये पुढच्या दारापाशी टेलिफोनची तिवई आहे.

तीन वर्षांपूर्वी हेस्टरच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जायला लागली. आधी नावं गेली, मग वार, मग चुलीवर काय ठेवलंय ते. या फेब्रुवारीत एका सकाळी ती सपाता घालून बाहेर पडली आणि दीड तासाने पेट्रोल पंपावर सापडली. अलार्म कंपनीच्या गस्तीच्या गाडीतून तिला आणलं तेव्हा ती उंबऱ्याशी अडून बसली. हे माझं घर नाही म्हणाली. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून आत घेतलं.

आमची मुलगी इल्झे तिकडे नदीकाठच्या पारेस गावी असते. तिने तिथल्या वृद्धाश्रमात आईसाठी खोली बघून ठेवली आणि मला एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर दार उघडल्याबरोबर मला कळेल असा भरवशाचा अलार्म घरात दिसला तर आई माझ्याजवळ राहील, नाहीतर तिकडे. मी हो म्हटलं. हेस्टरचा चहा किती साखरेचा हे ज्यांना ठाऊक नाही अशा लोकांत तिला सोडायची कल्पनासुद्धा मला सहन होत नव्हती.

आणि नेमका मार्चपासून झोन चार वाजायला लागला. आम्ही दोघं घराबाहेर असलो की मगच.

२

पहिल्या खेपेला मी पालीला दोष दिला. सेन्सरवरून पाल फिरली की भोंगा होतो, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. दुसऱ्या खेपेला लोडशेडिंगला दिला. तिसऱ्या रविवारी शेजारचा फूरी कुंपणावरून म्हणाला, "लौरेन्स, तुझ्या पाली फार धार्मिक झाल्यात बुवा. बरोबर प्रार्थनेच्या वेळी जाग्या होतात." गस्तीची गाडी एकदाही आली नव्हती. ते लोक आळशी झाले असतील असं मी धरून चाललो.

मग कंपनीने दिनेओला पाठवलं. चाळिशीची ठेंगणी बाई, कमरेला हत्यारांचा पट्टा, तोंडाने फटकळ. पॅनल उघडून तिने मीटर लावला, आढ्यात चढून आली आणि केसांतली जळमटं झटकत म्हणाली की तार उत्तम आहे, कुणा जुन्या माणसाचं काम दिसतंय. मी म्हटलं, तो जुना माणूस शिडी धरून उभा आहे.

"मग आता ऐका काका," ती म्हणाली. "आता वायरलेसचे दिवस आहेत. ना भिंत फोडायची, ना आढ्यात चढायचं. कुठल्या खोलीत काय हाललं ते मिनिटासकट तुमच्या खिशातल्या फोनवर."

"हवेतून आलेल्या निरोपावर माझा विश्वास नाही. तारेचं एक टोक माझ्या हातात असतं."

"हातात टोक आहे, तरी पॅसेजमध्ये काय वाजतंय ते कळलं का?"

शेवटी ठरलं असं की दोन आठवडे दोन्ही राहू देत. माझ्या जुन्या सेन्सरशेजारी, आणि माझे सेन्सर नव्हते त्या झोपायच्या खोलीत नि स्वयंपाकघरातही, तिने बोटभर पांढरे डबे चिकटवले. दोन्हींत तफावत आली तर चूक कुणाची ते आपोआप कळेल, मग मी एक ठेवायचं, एक काढायचं. इल्झेला दाखवायला एक तरी खात्रीचं हवं होतं.

तिने कागदावर आमचे परवलीचे शब्द पुन्हा लिहून घेतले. शब्द दोन असतात. भोंगा झाला की कंपनीची कंट्रोल रूम आधी घरच्या फोनवर विचारते, पहिला शब्द सांगितला की गाडी रद्द. दुसरा शब्द संकटाचा. चोर डोक्याशी पिस्तूल लावून उभा असेल तर तो बोलायचा, मग पलीकडची बाई गोड हसून फोन ठेवते आणि गाडी सुटते. दोन्ही शब्द हेस्टरने निवडलेले. पहिला पुत्सोंदरवाटर, म्हणजे पाणी नसलेली विहीर. वाळवंटातलं रेल्वे स्टेशन आहे ते, तिचे वडील तिथे स्टेशनमास्तर होते आणि मी तार टाकायला गेलो तेव्हा ती मला तिथेच भेटली. दुसरा शब्द अलेट्टा, म्हणजे माझी आई. संकट म्हटलं की हेच नाव आधी तोंडात येतं, असं हेस्टर तेव्हा म्हणाली होती आणि आठवडाभर हसत होती.

आता तिला यातला एकही शब्द आठवत नाही. दिनेओला तिने तीन वेळा त्याच बशीतली बिस्किटं दिली. दिनेओ आपली चाचणी म्हणून पॅसेजमधून चालत होती, सेन्सरवरचा लाल दिवा लागत होता. मग ती स्वयंपाकघरात आली, आम्ही तिघंही तिथेच बसलो, आणि पॅसेजमधला दिवा पुन्हा लागला.

"उठली वाटतं," हेस्टर म्हणाली आणि चहात बिस्कीट बुडवलं. दिनेओने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाल असेल.

३

पुढच्या रविवारी प्रवचन चालू असताना माझा खिसा थरथरला. मी फोन मांडीवर धरून हळूच पाहिला. झोपायची खोली, दहा वाजून चार मिनिटं. पॅसेज, दहा पाच. स्वयंपाकघर, दहा सहा. मग बारा मिनिटं काहीच नाही. पॅसेज, दहा अठरा. झोपायची खोली, दहा एकोणीस.

हेस्टर माझ्या उजव्या हाताला बसली होती. स्तोत्रांचं पुस्तक तिने उलटं धरलं होतं. मी ते सरळ केलं आणि तिचा हात हातात घेतला. तो गार होता, पण तिचे हात नेहमीच गार असतात.

पाल झोपायच्या खोलीतून निघून पॅसेजमधून स्वयंपाकघरात जाते, बारा मिनिटं थांबते आणि आल्या वाटेने परत जाते, असं समजायला मी इतकाही मूर्ख नाही. आणि ही बारा मिनिटं माझ्या ओळखीची होती. हेस्टर रोज दहा वाजता दुसऱ्या चहाला उठायची. किटली ठेवायची, उभ्यानेच प्यायची, कप विसळून परत जायची. मी नोकरीत होतो तोवर ती असाच चहा प्यायची.

घरी आलो तर कुलूप जसंच्या तसं. दारांचे झोन गप्प, म्हणजे कुणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही. खिडक्या बंद. जुन्या पॅनलवर चारचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार आणि हवा दोन्ही एकच सांगत होत्या. किटलीला हात लावला तर ती कोमट लागली. त्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

मग मात्र मी कंट्रोल रूमला फोन लावून चांगलाच तापलो. महिनाभर अलार्म वाजतोय, गाडी का येत नाही? तिकडची मुलगी शांतपणे नोंदी वाचत गेली. दर वेळी त्यांनी घरच्या फोनवर विचारलं होतं आणि दर वेळी उत्तर मिळालं होतं.

"बाईंनीच उचलला ना फोन. शब्दही बरोबर सांगितला."

"कुठल्या बाईंनी?"

"तुमच्या मिसेस. आज तर माफीपण मागितली. म्हणाल्या, नवऱ्याच्या जुन्या तारा आहेत, सांगून सांगून थकले."

मी फोन ठेवला. हे वाक्य हेस्टरचं होतं. पाहुण्यांसमोर मला चिडवायला ती हेच म्हणायची, पण गेल्या दोन वर्षांत तिच्या तोंडून इतकं लांब वाक्य बाहेर पडलेलं नाही. ती समोर खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. मी तिला विचारलं, हेस्टर, आपला शब्द कोणता गं? तिने नाडी हातातच धरून वर पाहिलं.

"कुणाला हवाय?" ती म्हणाली.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. त्या आठवड्यात मी कागद घेऊन बसलो आणि जे जे शक्य आहे ते लिहून काढलं. टेलिफोनच्या जुन्या तारा एकमेकींना चिकटतात, भलत्याच घरी घंटी वाजते, हे मी स्वतः हजार वेळा दुरुस्त केलंय. पण भलत्या घरच्या बाईला पुत्सोंदरवाटर कसं ठाऊक? बरं, कंपनीतलं कुणीतरी चोरांना सामील असेल. पण चोर आत कुठून आला, आणि आला तर काही नेलं कसं नाही? हेस्टरच्या आईच्या चांदीच्या चमच्यांनासुद्धा हात लागलेला नव्हता. उलट एक कप जास्त स्वच्छ दिसत होता. कप मीच घासला असेन. मला आता माझंही खात्रीने सांगता येत नव्हतं.

इल्झेचा रोज फोन. अलार्म कसा आहे बाबा? मी म्हणायचो, झकास आहे. पोटच्या पोरीशी खोटं बोलताना मला शरम वाटत होती, पण मुदतीला नऊ दिवस उरले होते.

दिनेओ निर्णय विचारायला आली. तार की वायरलेस? मी तिला दोन्हींच्या नोंदी दाखवल्या. तिने त्या दोनदा वाचल्या. या वेळी ती पॅसेजमध्ये गेली नाही, स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"काका, दोघांत तफावत असती तर मी एक काढून टाकलं असतं," ती म्हणाली. "दोघं एकच सांगताहेत. मग यंत्रात दोष नाही."

"मग कशात आहे?"

ती हेस्टरकडे पाहत होती. हेस्टर टेबलावरचा चुरा एका बोटाने गोळा करत होती. दिनेओने विचारलं की फेब्रुवारीत काकू बाहेर गेल्या, त्या दिवशीची दाराची नोंद आहे का. होती. माझं जुनं पॅनल महिनोन्‌महिने सगळं धरून ठेवतं. आम्ही दोघांनी मिळून ती शोधली. पुढचं दार एकदाच उघडलं होतं. सव्वाअकराला, म्हणजे मी तिला खांद्याला धरून आत आणलं तेव्हा. त्याआधी सकाळभर कुठलंच दार उघडलेलं नव्हतं.

"एखादी नोंद राहते," मी म्हटलं.

"राहते ना," दिनेओ म्हणाली, पण तिने हत्यारं आवरली आणि चहा न घेता गेली. ती कधी चहा सोडत नाही.

५

बुधवारी मी ठरवलं की सोक्षमोक्ष लावायचा. भोंग्याची तार काढून ठेवली, गल्लीला त्रास नको. हेस्टरला गाडीत बसवलं, चार आकडे दाबले, कुलूप लावलं आणि गाडी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी केली. तिथून पुढचं दार समोर दिसतं. दाराच्या कडेला उभ्या काचेची चिंचोळी पट्टी आहे, दळदार, नक्षीची, चेहरा ओळखू येत नाही पण रंग आणि हालचाल कळते. स्वच्छ ऊन पडलं होतं. फूरीचा माळी गवत कापत होता.

दहा चार, झोपायची खोली. दहा पाच, पॅसेज. मी लगेच घरचा नंबर लावला. कंट्रोल रूमने लावायच्या आत.

बाहेरूनसुद्धा घंटी ऐकू आली. तीन वेळा वाजली आणि थांबली.

"हॅलो, फरमाक," हेस्टर म्हणाली.

माझ्या शेजारी बसलेली हेस्टर काचेवरच्या किड्याकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेले होते. फोनमधला आवाज तीन वर्षांपूर्वीचा होता, जरा घाईतला, कामातून उठून आल्यासारखा. मी विचारलं, शब्द काय?

"पुत्सोंदरवाटर. लौरेन्स, तू आहेस होय? हे काय चाळे? किटली ठेवलीय मी, ये आत."

काचेच्या पट्टीमागे निळा रंग आला. हेस्टरचा गाऊन निळा आहे, पण तो मी सकाळीच दोरीवर वाळत घातला होता. त्या निळ्यापुढे, काचेला अगदी लागून, एक हात होता, आणि फोनची गुंडाळीची वायर तो हात एका बोटाभोवती फिरवत होता, सोडत होता, पुन्हा फिरवत होता. फोनवर बोलताना हेस्टर नेहमी असं करायची. त्यापायी मी ती वायर दोनदा बदलली होती.

मला सरळ सांगू द्या. मला भीती वाटली, पण त्याआधी मला आनंद झाला. गाडीतून उतरून धावत आत जावं असं वाटलं. तिला विचारायच्या कितीतरी गोष्टी साठल्या होत्या. माझा हात दाराच्या मुठीवर गेलासुद्धा.

"लौरेन्स," फोनमधली म्हणाली, आता हळू आवाजात. "तुझ्याबरोबर गाडीत ती बाई कोण आहे?"

माझी बाही कुणीतरी घट्ट पकडली. हेस्टर काचेच्या पट्टीकडे बघत होती.

"घरी चल ना," ती म्हणाली.

"हेच घर आहे, हेस्टर."

"हे नाही. जिथे तू असतोस ते."

दोघी माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी फोन बंद केला आणि गाडी सुरू केली.

६

पारेसच्या त्या आश्रमात दोन खाटांची खोली मिळाली. इल्झेला वाटलं बाबांना अखेर अक्कल आली. खिडकीतून नदी दिसते. इथल्या मुलींना मी हेस्टरचा चहा शिकवलाय, दीड चमचा साखर, दूध आधी. तिला माझं नाव आठवत नाही, पण मी खोलीतून बाहेर गेलो की ती दारापर्यंत येते. रात्री झोपताना मी तिच्याकडे पाहतो आणि फेब्रुवारीत उंबऱ्यावरून कुणाला ओढून आत आणलं याचा विचार करायचा नाही असं ठरवतो.

घर बंद आहे. तसं मी कंपनीला कळवलं. कुठला अलार्म काढू म्हणून दिनेओने फोन केला होता. मी म्हटलं, राहू दे दोन्ही. तिने कारण विचारलं नाही.

गेल्या रविवारी दहा वाजून सात मिनिटांनी कंट्रोल रूमचा फोन आला. तीच शांत आवाजाची मुलगी, पण या वेळी आवाज तेवढा शांत नव्हता. म्हणाली, तुमच्या घरी पॅसेजचा झोन वाजला, फोन केला, बाईंनी उचलला.

"शब्द सांगितला ना?" मी विचारलं.

"सांगितला, पण दुसरा, संकटाचा. अलेट्टा म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, अगदी हळू. नियमाप्रमाणे गाडी लगेच सुटायला हवी. पण घर बंद आहे असं तुम्हीच कळवलंय, म्हणून आधी तुम्हाला विचारते. पाठवू ना?"

हेस्टर समोर बसून बिस्कीट चहात बुडवत होती. बिस्कीट तुटून कपात पडलं आणि ती माझ्याकडे बघून हसली. तो शब्द ती आणि मी सोडून कधी कुणी वापरला नव्हता. आम्हीसुद्धा खरं म्हणजे कधीच वापरला नव्हता.

"सर?"

"नको," मी म्हटलं. "घरात कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने नोंद केली आणि फोन ठेवला. हेस्टरने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, कोणी नाही. चमच्याने तिच्या कपातलं बिस्कीट काढून दिलं. निम्मा चहा बशीत सांडला.

आज पुन्हा रविवार. दहा वाजल्यापासून मी फोन मांडीवर घेऊन बसलोय. झोपायची खोली नाही, स्वयंपाकघर नाही. पॅसेज, दहा पाच. पॅसेज, दहा सहा. पॅसेज, दहा सात. फक्त पॅसेज, जिथे फोनची तिवई आहे तिथे. आता साडेअकरा होत आले, अजून पॅसेजच. वायरलेसची बॅटरी दोन वर्षं टिकते, असं दिनेओने सांगितलं होतं. तार तर मीच टाकलीय, ती माझ्यानंतरही टिकेल.